वरचं पाणी

मी मराठीचा प्राध्यापक. ‘नदी सागराला मिळते’ हे मी गेली वीस वर्षं वर्गात इतक्या गहिवरानं सांगत आलो आहे, की त्यात काही खोट असेल अशी शंका मला कधी शिवली नव्हती. यंदा ती घरातूनच निघाली.

श्रावणात आई गेली. शहागडला गोदावरीत अस्थी सोडल्या. आमच्या जालना जिल्ह्यातलं बहुतेक पाणी अखेर गोदावरीतच जातं. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. आणि मग वाटेतली धरणं जेवढं सोडतील तेवढं बंगालच्या उपसागरात! आईनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. परतताना मी म्हणालो, “आता तरी समुद्राला मिळेल बिचारी.”

“लगेच नाही मिळायची, बाबा,” अकरावीतली धाकटी म्हणाली. “नदीचं पाणी हलकं. ते वरच तरंगत राहतं.”

मला ते लागलं. वर तरंगणं आमच्या घरात कधीच चांगलं समजलं गेलं नाही. पेरणीआधी आई बाजरीचं बी मिठाच्या पाण्यात टाकी. दहा लिटर पाण्याला दोन किलो मीठ. पोचट दाणे आणि अरगट लागलेलं बी वर येई. ते काढून ती जाळी, आणि तळाचं बी दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवी. “वर आलं ते आपलं नव्हं,” असं वर आम्हांला ऐकवी. ते बियाण्याबद्दल की माझ्या परीक्षेतल्या मार्कांबद्दल, हे मला कधी कळलं नाही.

रात्री धाकटीनं माझी शिकवणी घेतली. नदीचं लिटरभर पाणी किलोभर भरतं. समुद्राचं त्याहून पंचवीसेक ग्रॅम जास्त, कारण त्याच्या प्रत्येक किलोत सुमारे 35 ग्रॅम क्षार. पाणी तापलं की फुगतं, हलकं होतं. निवलं की जड. पण आपल्या उबदार समुद्रांत एका अंशाच्या गारव्यानं लिटरमागे जेमतेम पाव-तृतीयांश ग्रॅम वाढतो, तर एका ग्रॅम मिठानं पाऊण! म्हणून हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रावर कोरडा गार वारा सुटला, की वाफ उडून जाते, मीठ मागं राहतं, आणि ते गार, खारट पाणी खाली बुडतं. उपसागरात मात्र नद्यांच्या नि पावसाच्या पाण्याचा पातळ थर वर पसरलेला असतो. हिवाळ्यात तो खालच्या पाण्याहून गार झाला तरी बुडत नाही. आणि एरवी हाच थर झाकणासारखा बसतो. वाऱ्याला खालचं थंड पाणी सहजी वर आणता येत नाही. पृष्ठभाग तापलेला राहतो, आणि चक्रीवादळांना त्यातून बळ मिळतं.

“म्हणजे हलकं असून एवढा दरारा?” मी म्हणालो.

“आजीसारखाच,” सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली. सासूविषयी ती इतकं मोकळं प्रथमच बोलली असावी.

धाकटीनं काचेच्या पेल्यात मिठाचं दाट पाणी केलं. माझ्या पेपर तपासायच्या लाल शाईचे दोन थेंब साध्या पाण्यात टाकले आणि ते पाणी उलट्या चमच्यावरून हळूच सोडलं. खाली पांढरं, वर लाल. मधे रेघ मारल्यासारखी.

सकाळी सौ. ओटा आवरायला गेली. पेला तिथंच होता, आणि लाल पाणी वरच. तिनं भांडी घासायला घेतली. तो एक पेला मात्र तसाच ठेवला.