ब्यूलीच्या जुन्या बाजारात

इंग्लंडच्या दक्षिणेस न्यू फॉरेस्ट नावाचे अरण्य आहे. नाव ‘नवे’, वय मात्र नऊशे वर्षांहून अधिक! तेथील मोकाट तट्टे रस्त्याच्या मधोमध उभी राहिली की मोटारींनाच थांबावे लागते. असे थांबत थांबत आम्ही उभयता गेल्या सप्टेंबरात ब्यूली गावी पोहोचलो. १२०४ साली जॉन राजाने येथे मठ स्थापिला. १९५२ साली लॉर्ड माँटेग्यू यांनी वडिलांच्या स्मरणार्थ जुन्या मोटारींचे संग्रहालय उघडले. मठाचे अवशेष आणि मोटारी एकाच आवारात सुखाने नांदतात. आम्हांला ओढ होती ती १९६७ पासून तेथे भरणाऱ्या जुन्या सुट्या भागांच्या बाजाराची.

बडोद्यास दादांची १९५१ सालची मॉरिस मायनर आहे. गतवर्षी तिला हौसेने नवा रंग दिला आणि तेव्हापासून तिचे दिवे काजव्यासारखे मिणमिणू लागले. ब्रेक दाबला की मागचा दिवा उजळण्याऐवजी मंदावे. बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले पाहून एका कारागिराने ‘जोडणीच उलटी’ असा निकाल दिला. वस्तुतः त्या काळच्या बहुतेक इंग्रजी गाड्यांची तीच रीत होती. दुसऱ्याने नियंत्रक पेटी बदलण्यास सांगितले. दसऱ्यापर्यंत दिवे लागले नाहीत तर गाडी मोडीत घालावी, असे धाकट्या भावाने ठरविले. दादा काहीच बोलले नाहीत.

मैदानात चिखल, चहा आणि गंजलेले लोखंड यांचा दरवळ होता. एका वृद्ध विक्रेत्याकडे हवी ती पेटी मिळाली. आम्ही पैसे काढले, तो त्याने विचारले, “रंग दिल्यावर अर्थच्या जागा खरवडल्यात काय?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. मराठी माणसाला ‘अर्थ’ एवढा उशिरा लागावा!

त्याने शेजारची लोटस एलान दाखविली. १९६२ साली निघालेल्या या गाडीची काया फायबरग्लासची. तीतून वीज वाहत नाही, म्हणून दिव्यादिव्याला परतीची वेगळी काळी तार द्यावी लागते. पलीकडे लोटस सेव्हन होती. अशा गाड्या सुट्या भागांच्या रूपाने विकत व लोक त्या घरी जोडीत, कारण १९७३ पर्यंत त्यांवर खरेदीकर पडत नसे. घरी जोडलेल्या गाडीत, तो म्हणाला, निम्मी दुखणी अर्थचीच. लोखंडी गाडीत परतीची वाट म्हणजे सांगाडा. पण जोडाखाली रंग अथवा गंज राहिला की वाट अडते. पंचेचाळीस वॅटच्या दिव्याला बारा व्होल्टांवर पावणेचार अँपिअर लागतात. जोडात अर्धा ओहम रोध आला तरी दीड व्होल्टाहून अधिक तेथेच खर्ची पडतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या सांगाड्याकडील खुंटीला, दुसरे दिव्याच्या धातूला लावा; दिवा लागलेला असताना काटा शून्याजवळच राहावा. पेटी मात्र त्याने विकली नाही. “आधी खरवडा, मग पत्र पाठवा.” असा दुकानदार आम्ही पाहिला नव्हता!

रात्री बडोद्यास फोन केला. भाऊ कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी पॉलिश कागद घेऊन बसला. बॅटरीची पट्टी, पुढच्या दिव्यांचे जोड, मागचे दोन स्क्रू, सर्वत्र नव्या रंगाचा सुंदर थर! पितळी चकती घासून, वर पेट्रोलियम जेली लावून त्याने ते आवळले.

चार दिवसांनी त्याने चित्रफीत धाडली. अंगणात दिवे लख्ख लागलेले, आणि दादा बाजूला उभे राहून म्हणत होते, “आता विझव रे, बॅटरी उतरेल.”