‘घरीच असते’ म्हणजे काय?

‘संशोधन पद्धती’ हा विषय आमच्या वर्गात फारसा कुणाच्या आवडीचा नाही. संकल्पना, चल, गृहीतकृत्य, नमुना निवड यांच्या व्याख्या पाठ करायच्या, उत्तरपत्रिकेत उतरवायच्या आणि सुट्टीत विसरून जायच्या, असा एकूण रिवाज. पण ‘कार्यकारी व्याख्या’ या प्रकरणाशी आलो आणि या कोरड्या शब्दांचे आमच्या घराशी नाते आहे, हे ध्यानात आले.

‘काम’ ही एक संकल्पना. ती मोजायची तर कशाला काम म्हणायचे, निदान किती तास, किती दिवस केलेले, हे आधी ठरवावे लागते. असे ठरवणे म्हणजेच कार्यकारी व्याख्या. आपल्या जनगणनेत तिचे उत्तम उदाहरण सापडते. १९६१ मध्ये शेतीसारख्या हंगामी कामात, हंगामाच्या बहुतेक काळात रोज तासाभराहून अधिक राबणाऱ्याला काम करणारा धरले. तेव्हा शंभर स्त्रियांत सुमारे २८ जणी काम करणाऱ्या निघाल्या. १९७१ मध्ये ‘मुख्य उद्योग कोणता?’ असे विचारले गेले. असंख्य बायकांच्या नावापुढे ‘घरकाम’ लागले आणि त्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. शेतातली खुरपणी काही थांबली नव्हती. बदलली होती ती व्याख्या. १९८१ मध्ये वर्षातून १८३ दिवस वा अधिक काम करणारे ‘मुख्य’ आणि त्याहून कमी करणारे ‘सीमान्त’ असे दोन वर्ग आले. घरच्या शेतातले विनामोबदला कामही धरावे, असे १९९१ मध्ये प्रश्नातच घातले गेले.

हे वाचताना माझ्यासमोर आई होती. पहाटे म्हशीची धार, शेणगोठा, भाकरी, मग शेतात खुरपणी किंवा काढणी, येताना डोक्यावर सरपणाचा भारा. दूध डेअरीला जाते. डेअरीच्या पुस्तकावर नाव वडिलांचे. तिला कुणीही विचारले, “काय करता, मावशी?” तर ती म्हणते, “काय न्हाई बाबा, घरीच असते.”

विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांतला फरक मला या एका वाक्याने शिकवला. दहा वेळा विचारले तरी आई हेच उत्तर देईल. म्हणजे प्रश्न विश्वसनीय ठरला. पण जे मोजायचे होते ते मोजले गेले का? नाही. म्हणून तो सप्रमाण नाही.

राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रत्येक उद्योगाला सांकेतिक अंक असतो. फक्त घरकाम करणारी ती ९२. घरकामाबरोबर घरासाठी सरपण, चारा गोळा करणारी, शिवणटिपण करणारी ती ९३. दोघीही श्रमशक्तीच्या बाहेर. म्हशीची धार जमेस धरली तर आईचा अंक बदलेल, सरपणाचा भारा धरला तर ९३. एवढ्यावर ती आकडेवारीत दिसणार की नाही, हे ठरते. आणि आकडेवारीत जी दिसत नाही, तिच्यासाठी योजना कोण आखणार?

२०१९ मध्ये देशात वेळेच्या वापराची पाहणी झाली. तिच्यात ‘तुम्ही काम करता का?’ यावर न थांबता दिवसाच्या चोवीस तासांचा हिशेब घेतला. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, असे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. प्रश्न बदलला आणि न दिसणारे दिसू लागले.

पुढील वर्षी आम्हाला गावपाहणी करावयाची आहे. माझी प्रश्नावली मी आतापासूनच लिहायला घेतली आहे. ओट्यावर बसलेल्या कर्त्या पुरुषाला विचारून घरातल्या बाईचा रकाना मी भरणार नाही. तिलाच विचारीन, आणि पहिला प्रश्न असेल, “मावशी, काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलंत?”