वृत्ति आणि वेतन

हल्लींच्या मुलांस एका जागीं टिकून नोकरी करवत नाहीं, अशी तक्रार आम्हां वृद्धांच्या बैठकींत हटकून निघते. पगार भरपूर, कचेरी थंडगार, न्यावयास-आणावयास गाडी. मग उणें तें काय?

आमचे चिरंजीव व सूनबाई दोघेंही हिंजवडीस नोकरीला आहेत. इ. स. १९८१ ते १९९६ या काळांत जन्मलेल्या ज्या पिढीस ‘मिलेनियल’ म्हणतात, तिच्यांतलींच हीं. घराच्या कर्जाचा हप्ता चालूं असतांना चिरंजीवांनीं गेल्या वर्षीं अधिक पगाराची जागा नाकारली, तेव्हां मीं कारण विचारिलें. तो म्हणाला, “बाबा, तेथें नवें शिकण्यासारखें कांहींच नव्हतें, आणि रात्रीं अकरा वाजतां साहेबांचा निरोप आला, तरी उत्तर दिलेंच पाहिजे.” सूनबाईंचें मागणें याहून साधें: केलेल्या कामाबद्दल वरिष्ठानें बरें-वाईट कांहीं तरी बोलावें, आणि लेकरूं आजारी पडल्यास घरून काम करूं का, हें विचारण्याचा संकोच वाटूं नये.

वाचकहो, यांत चैन कोठें आहे? हर्झबर्ग नामक अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें पिट्सबर्गकडील सुमारें २०० अभियंते व हिशेबनीस यांस प्रश्न विचारून १९५९ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वेतन व सोयी यांनीं फार तर असंतोष टळतो. समाधान मात्र कर्तृत्व, त्याची दखल व कामाची गोडी यांतून लाभतें, हें त्याचें सार. म्हणजे ही भूक आजची नव्हे. आमच्या पिढीसही ती होती. संसाराच्या ओझ्याखालीं ती बोलून दाखविण्याची सोय नव्हती, इतकेंच.

कायदाही हळूहळू तिकडे वळत आहे. कामाची वेळ संपल्यावर निरोपांपासून मोकळें राहण्याचा हक्क फ्रान्सांत २०१७ च्या आरंभीं अमलांत आला. आपल्याकडे त्याच वर्षीं पहिल्या दोन अपत्यांसाठीं प्रसूतीची रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, व ५० किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघराची सोय आवश्यक ठरली. तथापि कामाचें कौतुक कोणत्याही कायद्यानें करवून घेतां येत नाहीं. तें वरिष्ठाच्या मनांतूनच यावें लागतें.

संस्कृतांत ‘वृत्ति’ या एकाच शब्दाचा अर्थ उपजीविका असाही होतो आणि मनाचा कल असाही. हे दोन्ही अर्थ एका ठिकाणीं नांदावे, अशी या मुलांची इच्छा आहे. तेव्हां संध्याकाळीं दमून आलेल्या मुलास वा सुनेस पगारवाढीविषयीं विचारण्यापूर्वीं, आज कामांत नवें काय शिकलांत, एवढें वडीलधाऱ्यांनीं एकदां विचारून पाहावें.