मोटारीची दुसरी किल्ली

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. तुमच्या घरच्या मोटारीची दुसरी किल्ली या घटकेला कुठे आहे? साखरेचा डबा, बँकेचे पासबुक, सासूबाईंच्या गोळ्या, यांच्या जागा तुम्ही झोपेतही सांगाल. दुसऱ्या किल्लीचं नाव काढलं की मात्र "यांना माहीत असेल" असं उत्तर येतं. गेले वर्षभर मी नात्यातल्या आणि भिशीतल्या बायकांना हा प्रश्न विचारत सुटले आहे. माझ्या पाठीमागे त्या हसतही असतील. हसू देत बापड्या.

पूर्वी मोटारीची किल्ली म्हणजे दाते पाडलेला धातूचा एक तुकडा. हरवली तर बाजारातल्या किल्लीवाल्याने कानशीने घासून दुसरी द्यावी, काम झालं. आता किल्लीच्या काळ्या मुठीत दोन निरनिराळ्या वस्तू बसवलेल्या असतात, आणि त्या दोहोंत गल्लत केली की पैसे जातात. एक म्हणजे रिमोट. बटण दाबलं की दार उघडतं ते याच्यामुळे, आणि त्याला सेल लागतो. दुसरी एक इवलीशी चिप. तिला सेल लागत नाही. किल्ली घालण्याच्या जागेभोवती तारेचं एक वेटोळं असतं, ते या चिपेला जागं करतं आणि तिचा सांकेतिक क्रमांक वाचतं. क्रमांक ओळखीचा निघाला तरच इंजिन चालू होतं. ब्रिटनमध्ये 1998 पासून नव्या मोटारींना अशी व्यवस्था सक्तीचीच झाली. किल्लीवाल्याने हुबेहूब दाते पाडून दिले तरी दार उघडेल, पण इंजिन चालणार नाही, ते यामुळे.

म्हणून रिमोट चालेनासा झाला की लगेच घाबरू नये. आधी आठवावं, गेले काही दिवस बटण दोनदोनदा दाबावं लागत होतं का, अगदी दारापाशी गेल्यावरच कुलूप उघडत होतं का? तसं असेल तर सेल संपत आलाय. बहुतेक किल्ल्यांत नाण्यासारखा चपटा, 3 व्होल्टचा सेल असतो. त्यावर 2032 असे आकडे असतील तर रुंदी 20 मिलिमीटर आणि जाडी 3.2 मिलिमीटर, असा त्याचा अर्थ. 2025 म्हणजे रुंदी तीच, जाडी अडीच मिलिमीटर. तेव्हा दुकानात "घड्याळाचा सेल द्या" असं मोघम न सांगता जुना सेल सोबत न्यावा. आपल्या मोटारीच्या पुस्तिकेत किल्ली कुठून उघडायची ते दिलेलं असतं. अधिकाची खूण पाहून, तेलाचे हात न लावता नवा सेल बसवला की झालं. एवढ्यासाठी गाडी कारखान्यात नेण्याची गरज नाही, आणि यजमान घरी येण्याची वाट बघण्याचीही नाही.

मात्र जुना सेल ओट्यावर ठेवून विसरायचा नाही. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतली त्वचा भाजून निघते. संपलेला सेलसुद्धा भाजतो. "पडेल शौचातून" म्हणत केळं भरवत बसू नये, तडक मोठ्या दवाखान्यात जावं आणि क्ष-किरण फोटो काढवावा. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून उंचावर ठेवायची आमच्याकडे शिस्त आहे.

बटणावरचं रबर फाटलं किंवा मूठ फुटली तर नुसतं वरचं कवच बाजारात मिळतं, आतला भाग तोच राहतो. पण काही किल्ल्यांत ती चिप वेगळी, कवचाच्या एका खाचेत बसवलेली असते. कवच बदलणारा पोरगा घाईचा असेल तर ती जुन्या कवचासोबत केरात जाते, मग दारं उघडतात आणि गाडी हूं की चूं करत नाही. काम समोर बसून करवून घ्यावं, आणि जुने तुकडे मागून घ्यावेत.

हे सगळं झालं किल्ली हातात असल्यावरचं. हातातच नसेल तर काय होतं, ते मी माझ्या धाकट्या जावेच्या घरी पाहिलं.

2024 च्या जूनमध्ये माझे धाकटे दीर गेले. मिरजेच्या दवाखान्यात चार दिवस होते. तासगावहून गाडी स्वतः चालवत गेले होते हो! नंतर भाच्याने कशीबशी भाड्याच्या टेम्पोवर घालून ती घरी आणली, कारण दवाखान्याने कपडे, घड्याळ, चष्मा असं जे पिशवीतून दिलं त्यात किल्ली नव्हती. खरसुंडीच्या यात्रेत घेतलेलं पितळेचं पदक तिला लावलेलं होतं, म्हणून सगळ्यांना ती नेमकी आठवत होती. गाडी जुनी घेतलेली, तेव्हाच एक किल्ली मिळालेली. दुसरी नव्हतीच.

त्या दिवसांत किल्लीचा विचार कोण करणार? गाडी अंगणात आच्छादनाखाली उभी राहिली. दिवाळीनंतर एक दलाल आला आणि म्हणाला, "किल्ली नाही म्हणजे भंगारच की वहिनी," आणि अर्ध्याहून कमी किंमत सांगून गेला. घरातल्या पुरुषमंडळींनाही ते पटलं. जाऊबाईंना गाडी काय करायची, असा त्यांचा सूर. वास्तविक जाऊबाईंनी वीस वर्षांपूर्वी परवाना काढलेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, आणि ती शाळा बसच्या थांब्यापासून तीन किलोमीटर आत. पण हे कुणी विचारलंच नाही. तिने एवढंच सांगितलं, "विकायची नाही. ताई, तुम्ही माझ्याबरोबर सांगलीला चला."

आम्ही गेलो. गाडीच्या कंपनीच्या दुकानातला मुलगा नम्रपणे बोलत होता. नोंदणीचं पुस्तक पाहून म्हणाला, "मालकांना ओळखपत्र घेऊन यायला सांगा." नियम म्हणून त्याचं बरोबरच होतं. कुणीही यावं आणि किल्ली करून न्यावी, असं चाललं तर चोरांचंच राज्य. तरीपण माझ्या पोटात कालवलं. जाऊबाईंनी पर्समधून मृत्यूचा दाखला काढून काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "आता मालक कोण, ते तुम्ही सांगा."

तो सांगणार नाही, ते परिवहन कार्यालय सांगतं. मालक गेल्यावर तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचं, आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी वारसाच्या नावे करून घ्यायची असते. ती मुदत केव्हाच उलटली होती. दंड भरला, बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र दिलं, किल्ली हरवल्याची पोलिसांत नोंद केली. ही नोंद महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येते. मुलांच्या सह्यांसाठी एकदा पुण्याला जावं लागलं. विम्यावरचं नाव बदलणं हा आणखी एक हेलपाटा. फेब्रुवारीत पुस्तक तिच्या नावावर झालं.

पुढचं सोपं होतं, फक्त महाग. चासीच्या क्रमांकावरून किल्ल्या मागवल्या, त्या बारा दिवसांनी आल्या. गाडी पुन्हा टेम्पोवर घालून सांगलीला न्यावी लागली, कारण नवी चिप आणि गाडी यांची ओळख समोरासमोर करून द्यावी लागते. यंत्र जोडून आधी जुन्या किल्लीचा क्रमांक गाडीच्या स्मरणातून पुसतात, मग नव्या दोन नोंदवतात. मी मुद्दाम विचारलं, तर कारागीर म्हणाला की जुनी किल्ली कुणाला सापडली तर दार उघडेल, कारण दाते तेच आहेत, पण इंजिन चालू होणार नाही. साडेअकरा हजार झाले. एकच किल्ली केली असती तर थोडे वाचले असते, पण इथे मी जाऊबाईंच्या बाजूने होते. दोन्ही किल्ल्या हरवणं हाच खरा खर्च. एक शाबूत असताना दुसरी करून घ्यायला निम्मेही लागत नाहीत. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या भरपाई देण्यापूर्वी सहसा दोन्ही किल्ल्या मागतात. जुनी गाडी घेताना "एकच आहे" असं ऐकलं, तर दुसरीचे पैसे तिथल्या तिथे किमतीतून वळते करून घ्यावेत.

कारागिराने जुना क्रमांक पुसायच्या आधी विचारलं, "पुसू ना? मग ती कधी सापडली तरी चालायची नाही."

जाऊबाई म्हणाल्या, "पुसा. सापडली तर ठेवून घेईन. गाडीसाठी नको आहे ती."

2021 पासून नोंदणीच्या वेळी किंवा नंतरही ऑनलाइन अर्ज करून गाडीला वारस म्हणून एकाचं नाव लावून ठेवता येतं. त्यामुळे वेळेवर कळवणं आणि फॉर्म भरणं चुकत नाही, पण सह्यांची वणवण पुष्कळ वाचते. आमच्याकडे हे काम गेल्या महिन्यात उरकलं. यांनी थोडी कुरकुर केली, "आतापासूनच?" म्हणाले, पण ओळखपत्र आणून दिलं. नव्या गाडीबरोबर किल्लीचा क्रमांक कोरलेला एक छोटा बिल्ला येतो, तोही किल्ल्यांच्या जुडग्यातून काढून विम्याच्या कागदांबरोबर ठेवला आहे. जाऊबाईंची दुसरी किल्ली सध्या माझ्या कपाटात आहे, आणि आमची तिच्याकडे.