ताजा बेदाणा

साहित्याच्या अध्यापकाने आंतरराष्ट्रीय व्यापार आणि मालवाहतूक यांविषयी लिहावे, हे वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु वाचनाचे जे धडे पुढे आमच्या उपयोगी पडले, त्यांतील निम्मे आम्हाला विद्यापीठात मिळाले आणि निम्मे बॅलार्ड इस्टेटमधील एका फ्रेट फॉरवर्डरच्या कार्यालयात. पहिल्या निम्म्याविषयी आपण सारे नेहमीच लिहितो, बोलतो. आज दुसऱ्याविषयी लिहावयाचे आहे.

२००७ साली आम्ही एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवीत होतो. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे या वाचकवर्गाला समजावून सांगण्याची गरज नाही. मानधन वर्षअखेरीस मिळे आणि घरभाडे दरमहा द्यावे लागे. एका स्नेह्याच्या ओळखीने दुपारनंतरचे काम मिळाले: निर्यातीची कागदपत्रे तयार करणे. इंग्रजी बरे, अक्षर बरे आणि 'वाचण्याची सवय आहे', एवढ्या भांडवलावर आमची नेमणूक झाली. कार्यालयात तीस वर्षे हेच काम केलेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी आमचे नाव पहिल्याच दिवशी 'मास्तर' ठेवले.

फ्रेट फॉरवर्डर हा मोठा विलक्षण व्यावसायिक. जहाज त्याचे नसते, मालही त्याचा नसतो. तो जहाज कंपनीकडून जागा घेतो, माल गोदामापासून बंदरापर्यंत आणवतो, कस्टम्सचे सोपस्कार एजंटाकरवी पुरे करतो आणि परदेशातील आपल्या सहकाऱ्याकरवी तो माल घेणाऱ्याच्या हाती पोचवतो. विकणारा आणि घेणारा बहुधा एकमेकांना कधी भेटलेले नसतात, एकमेकांची भाषाही जाणत नसतात. त्या दोघांमध्ये हा मनुष्य उभा असतो, आणि त्याच्या हातात असतो तो केवळ कागद. भाषांतरकाराची आठवण व्हावी अशीच ही जागा आहे.

काकांनी पहिला धडा दिला तो बिल ऑफ लॅडिंगचा. एक कोरा नमुना पुढे टाकून ते म्हणाले, "मास्तर, आधी वाचा. समजलं असं वाटलं की परत वाचा." हा कागद एकाच वेळी तीन कामे करतो. माल मिळाल्याची ती पावती असते, वाहतुकीच्या कराराचा तो पुरावा असतो आणि शिवाय मालावरील हक्काचे तो साधन असतो. तो पाठीवर सही करून दुसऱ्याच्या नावे केला, की समुद्रावर असलेला माल जागचा न हलता हात बदलतो. भारतात या कागदासंबंधीचा कायदा १८५६ मध्ये झाला आणि २०२५ मध्ये नवा कायदा येईपर्यंत तोच चालत होता. मूळ प्रती बहुधा तीन निघतात. पण त्यांपैकी एकीवर माल सोडवला गेला, की उरलेल्या दोन निरर्थक होतात. अधिकृत संहिता कोणती, यावर संशोधकांचे आयुष्य जाते हे आम्ही जाणून होतो. येथे तीनही प्रती सारख्याच अधिकृत होत्या, आणि जी प्रथम बंदरावर पोचेल ती खरी.

त्याच कागदावर मालाच्या वर्णनाआधी 'सेड टु कंटेन' असे शब्द असतात. 'आत अमुक असल्याचे सांगण्यात आले आहे', असा त्याचा अर्थ. कंटेनर निर्यातदाराच्या गोदामात भरला जातो, तेथेच त्याला सील लागते. जहाज कंपनीने आत डोकावलेले नसते. म्हणून ती स्वतःच्या शब्दावर काही सांगत नाही, ऐकलेले सांगते. कथनमीमांसेच्या तासाला आम्ही अविश्वसनीय निवेदकाची उदाहरणे कादंबऱ्यांतून शोधून देत असू. जगातील बंदोबंदी रोज फिरणाऱ्या लक्षावधी कागदांवर हा निवेदक आपल्या अविश्वासार्हतेची कबुली आधीच छापून बसलेला आहे, हे आमच्या गावीही नव्हते.

दुसरा धडा जोखमीचा. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ साली प्रथम सिद्ध केलेल्या 'इनकोटर्म्स' या संज्ञा ठरवतात, की माल कोठवर कोणाच्या जबाबदारीवर आहे. आम्ही शिकलो तेव्हा 'एफओबी' या संज्ञेतील सीमारेषा होती जहाजाचा कठडा. क्रेनला लटकलेली पेटी कठड्याच्या अलीकडे पडली तर नुकसान विकणाऱ्याचे, पलीकडे पडली तर घेणाऱ्याचे. २०११ पासून अमलात आलेल्या आवृत्तीने हा कठडा काढून टाकला. आता माल प्रत्यक्ष जहाजावर ठेवला गेला की जोखीम पलीकडे जाते. 'सीआयएफ' त्याहून चकवणारी संज्ञा आहे. तीत पोचायच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा विकणारा भरतो, पण जोखीम मात्र निघण्याच्या बंदरातच घेणाऱ्याकडे गेलेली असते. खर्च एकाचा आणि काळजी दुसऱ्याची. तीन अक्षरांत इतका करार मावू शकतो, याचे आम्हाला नवल वाटे. काकांना वाटत नसे. ते म्हणत, "ज्याला भरायचं असतं ना, तो थोडक्यात लिहितो."

तिसरा धडा वर्गीकरणाचा, आणि तेथे आम्ही थोडे मिरवलो. १ जानेवारी १९८८ पासून जगातील बहुतेक देश मालाच्या वर्गीकरणाची एकच पद्धती वापरतात. जिवंत जनावरांपासून कलाकृतींपर्यंत सर्व वस्तू सत्त्याण्णव प्रकरणांत बसवलेल्या आहेत. त्यांतील सत्त्याहत्तरावे प्रकरण पुढील काळासाठी रिकामे ठेवले आहे. आम्ही लगेच पुस्तके शोधली. ती ४९०१ या शीर्षकाखाली सापडली. सुट्या छापील पानांना एक उपशीर्षक, शब्दकोश आणि ज्ञानकोशांना एक, आणि बाकी सारे 'इतर'. तुकोबांची गाथा, पाककृतींचे पुस्तक आणि कादंबरी ही तिन्ही त्या 'इतर'मध्ये शेजारी शेजारी नांदतात. हस्तलिखिते मात्र ४९०६ मध्ये, वास्तुविशारदांच्या हाती काढलेल्या नकाशांच्या सोबतीला. साहित्यप्रकारांच्या आपल्या चर्चांना हे चांगले उत्तर आहे, असे म्हणून आम्ही कार्यालयात हशा मिळवला. काकांनी तेवढे सांगितले, की एका अंकाच्या चुकीने परदेशात जकातीचा दर बदलतो. आम्ही ते ऐकले. मनावर घेतले नाही.

चौथा धडा पतपत्राचा, म्हणजे बंदरावरच्या भाषेत एलसीचा. घेणाऱ्याची बँक वचन देते, की अमुक कागद अमुक मुदतीत सादर झाले तर ती पैसे देईल. बँक माल पाहत नाही. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेले आहे, की बँकांचा व्यवहार कागदांशी असतो, मालाशी नव्हे. या नियमाच्या मागे किती कठोर वाचन उभे आहे, हे समजावे म्हणून काकांनी एक जुना खटला सांगितला. १९२० च्या दशकात एका इंग्रज व्यापारी पेढीने बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, व्हॅनिलाच्या शेंगा मागवल्या. पतपत्रात अट होती, की दर्जाचा दाखला 'तज्ज्ञांनी' द्यावा. हा मजकूर सांकेतिक तारेने गेला, आणि त्या संकेतात एकवचन-बहुवचनाचा भेद नव्हता. तिकडच्या बँकेने 'तज्ज्ञाने' असे वाचले आणि एकाच तज्ज्ञाच्या दाखल्यावर पैसे दिले. विकणारा लबाड होता. पेट्यांत बव्हंशी काटक्या, दगड आणि जुने लोखंड निघाले. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की बँकेला तिचे पैसे परत मागता येणार नाहीत. जवळजवळ तोच असलेल्या कागदाला या व्यवहारात जागा नाही, असे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. एका अनेकवचनी प्रत्ययाची किंमत एका बँकेने भरली. मराठीच्या वर्गात वचनविचार शिकवताना आम्ही ही गोष्ट आजही सांगतो.

गोष्ट सांगणे मात्र सोपे असते.

२००८ च्या मे महिन्यात तासगावचे एक बेदाणा उत्पादक आमच्या कार्यालयाकडे आले. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. स्वतःची द्राक्षबाग, स्वतःचे शेड, आणि अडत्याला वगळून थेट निर्यात करण्याचा हा पहिलाच प्रयत्न. दहा किलोच्या दीड हजार पेट्या, एक वीस फुटी कंटेनर, न्हावा शेवाहून जेबेल अली. लहान निर्यातदारांचे इनव्हॉइस आम्हीच लिहून देत असू. ते फक्त सही करीत. पतपत्रात मालाचे वर्णन होते: 'इंडियन ग्रीन रेझिन्स, न्यू क्रॉप, २००८'. हे 'न्यू क्रॉप' आमच्या कानाला खटकले. इनव्हॉइस लिहिताना आम्ही तेथे 'फ्रेश' हा शब्द घातला. वाक्य आटोपशीर झाले. काका त्या आठवड्यात गावी गेले होते.

मुंबईच्या बँकेच्या नजरेतून तो शब्द निसटला. तिकडच्या बँकेच्या निसटला नाही. नियमानुसार इनव्हॉइसवरील वर्णन पतपत्राशी जुळलेच पाहिजे. ते जुळत नसल्याचे कळवून बँकेने पाच दिवसांच्या आत पैसे नाकारले. दुरुस्त कागद पाठवावे, तर पतपत्राची मुदत संपलेली. तोवर कंटेनर उतरला होता, बंदरातले मोफतीचे दिवस सरले आणि डेमरेजचा आकडा रोज वाढू लागला. घेणाऱ्याने परिस्थिती ओळखली व किमतीत सात टक्के सूट मागितली. वाळवलेला माल उन्हाळ्यात परक्या बंदरावर पडून होता. अण्णांनी ती सूट दिली.

हिशेब समजून घ्यायला ते मुंबईला आले. आम्ही त्यांना तो शब्द दाखवला आणि त्याचा अर्थ सांगितला. ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ताजा बेदाणा कुठं असतोय का मास्तर? ताजी ती द्राक्षं." आणि थोड्या वेळाने, कागदाची घडी घालीत, "मला इंग्रजी येत न्हाई. तुमच्याकडं बघून सही केली."

ते गेल्यावर आम्ही वर्गीकरणाचे पुस्तक उघडले. द्राक्षांचे शीर्षक ०८०६. त्याखाली उपशीर्षके दोनच: एक ताज्या द्राक्षांचे, दुसरे वाळवलेल्यांचे. ज्या एका शब्दाने त्या दोहोंमधली रेघ ओढलेली आहे, नेमका तोच शब्द आम्ही शैलीसाठी रेघेच्या चुकीच्या बाजूला लिहिला होता. द्राक्ष पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून, शेडमध्ये सावलीला जाळ्यांवर आठवडा-पंधरवडा सुकवणाऱ्या माणसाला जे एका क्षणात दिसले, ते शब्दांचाच अभ्यास केलेल्या आम्हाला दिसले नव्हते. कार्यालयाने आपली आकारणी माफ केली. अण्णांनी आमच्याकडे काही मागितले नाही. पुढच्या हंगामात त्यांनी पुन्हा अडत्यामार्फत माल विकला, असे कळले.

आम्हाला वर्गात शिकवले गेले होते, आणि आम्हीही शिकवत होतो, की संहितेला एकच अर्थ नसतो. वाचक तिच्यात मोकळेपणाने वावरू शकतो. हे आम्हाला आजही खरे वाटते. कवितेच्या वाचनात चुकलो तर कवितेचे काही बिघडत नाही. ती पुढच्या वाचकाची वाट पाहते. पण आपल्या आसपास फिरणारे बहुतेक लेखन कवितेच्या जातीचे नसते. सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, दवाखान्यातील संमतिपत्र, इनव्हॉइस. यांच्या वाचनाची किंमत कोणीतरी भरतो, आणि तो बहुधा ते वाचू न शकणारा माणूस असतो. वाचता येणाऱ्यावर विसंबून त्याने सही केलेली असते.

२०१० मध्ये आम्ही ते काम सोडून पुन्हा पूर्णवेळ अध्यापनाकडे आलो. पहिल्याच वर्षी 'आज्ञापत्र' शिकवायला आले. पूर्वी आम्ही ते जुन्या गद्याचा नमुना म्हणून शिकवीत असू. वाक्यरचना, फारसी शब्द, अमात्यांची घोटीव शैली, आणि तास संपे. या वेळी साहूकारांविषयीचे आणि टोपीकरांविषयीचे प्रकरण आम्ही मुलांकडून सावकाश वाचून घेतले. परदेशचा माल आणणारा साहूकार राज्याची शोभा का, आणि समुद्रावरून येणारा टोपीकर इतर सावकारांसारखा नव्हे, त्याच्या मागे राजा उभा आहे, हे अमात्यांनी का बजावले, याची चर्चा दोन तास चालली. एका मुलाने विचारले, "सर, हा धडा आहे की नियम?" आम्ही त्याला ते प्रकरण पुन्हा वाचायला सांगितले.