आईला काय चालत नाही

माझी आई माळकरी. मांस-मच्छी सोडाच, अंडं घातलेला केकही तिला चालत नाही. तिला आणि मुलीला घेऊन जपानला निघालो तेव्हा विमानातल्या जागांपासून छत्र्यांपर्यंत सगळं मी बघितलं होतं. जेवणाचं मात्र 'तिथे गेल्यावर विचारू' म्हणून सोडून दिलं. आणि विचारलं तेही धड विचारलं नाही.

टोकियोतल्या आमच्या हॉटेलात पाहुण्यांना मदत करणाऱ्या कॉन्सियर्जचं टेबल होतं. आधी मी त्याच्यासमोरून नुसताच ये-जा करत राहिलो. ही सोय बड्या पाहुण्यांसाठी असते आणि काही विचारलं की टिप द्यावी लागते, असा माझा समज होता. तो साफ चुकीचा होता. साधा सल्ला घ्यायला वेगळे पैसे पडत नाहीत, आणि जपानमध्ये टिप देण्याची पद्धतच नाही. टेबलामागच्या बाईंच्या कोटाच्या कॉलरवर सोनेरी किल्ल्यांची जोडी होती. मला तो दागिना वाटला. पॅरिसमध्ये १९२९ साली सुरू झालेल्या कॉन्सियर्ज मंडळींच्या 'ले क्ले दॉर' या संघटनेची ती खूण, हे मला फार उशिरा कळलं.

एका संध्याकाळी आईला भूक लागली होती. मी घाईने टेबलापाशी जाऊन म्हणालो, ''जवळपास साधं जेवण कुठे मिळेल? नो मीट.'' बाई पुढे काहीतरी विचारू लागल्या. मी त्यांना मध्येच तोडून 'नो मीट, नो मीट' म्हणत नकाशा घेतला आणि निघालो. त्यांनी सुचवलेल्या दुकानात आईने गरम रश्श्यातला उदोन खाल्ला. नूडल्सवर फक्त कांद्याची पात होती. थंडीत तिला तो इतका आवडला की वाडगं तोंडाला लावून तिने सगळा रस्सा संपवला.

रात्री फोनवर वाचताना कळलं, की त्या रश्श्याच्या मूळ अर्काला दाशी म्हणतात आणि दाशी बहुधा कोंबू या समुद्री शेवाळाबरोबर सुकवलेल्या, धुरी दिलेल्या बोनिटो माशाच्या किसाची करतात. मिसो सूप, सोबा नूडल्स बुडवायचा सॉस, शिजवलेल्या भाज्यासुद्धा त्यातून सुटत नाहीत.

सकाळी मी तक्रार करायलाच खाली गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आदल्या दिवशी अर्धवट राहिलेला प्रश्न पुन्हा विचारला: मासा चालतो का? माशाचं पाणी? अंडं? त्याची उत्तरं देताना माझा राग कुठल्या कुठे गेला. विचारायला त्या चुकल्या नव्हत्याच, मी ऐकून घ्यायला थांबलो नव्हतो.

त्यांनी जपानीत एक कार्ड लिहून दिलं. मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी धर्मामुळे चालत नाही, कोंबूची चालेल. बौद्ध भिक्षूंचं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी, देणाऱ्या एका ठिकाणी त्यांनी स्वतः फोन केला आणि तिथेही दाशीची खात्री करून घेतली. आईच्या गुडघ्यांचं बोलणं निघालं तेव्हा क्योतोला जायच्या मोठ्या बॅगा ताक्क्युबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेने पुढे पाठवायचं त्यांनीच सुचवलं. बॅगा दुसऱ्या दिवशी तिथल्या हॉटेलात पोचल्या. आमच्या हातात फक्त पिशव्या. मुलीसाठी मिताकाच्या घिबली म्युझियमची तिकिटं मात्र त्यांनाही मिळवता आली नाहीत. ती आधीच, तारीख ठरवून घ्यावी लागतात आणि मी आदल्या दिवशी विचारत होतो.

उदोनचं आईला मी क्योतोला गेल्यावर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''त्याच रात्री सांगायचंस. माळ माझ्या गळ्यात आहे, तुझ्या नाही.'' रश्श्याहून माझी ही लपवालपवी तिला जास्त लागली होती.

आता निघायच्या महिनाभर आधीच हॉटेलला मेल जातो. कोण कोण येतंय, कुणाचं वय काय, कुणाला जिने चढवत नाहीत, कुठली तिकिटं हवीत हे त्यात असतं. पण पहिली ओळ आईला काय चालत नाही याची असते, आणि पाठवण्याआधी ती मी तिला वाचून दाखवतो.