सामाईक धरणाची निगा

एकत्र कुटुंबातील मालमत्तेचे एक लक्षण असे की, ज्या वस्तूवर सर्वांचा हक्क, तिची चिंता कोणासच नसते. देवघरातील समईत तेल घालणारे कोणी ना कोणी निघते, कारण ती डोळ्यांसमोर असते; परंतु परसातील विहिरीचा कठडा ढासळला, तर तो थोरल्याने बांधावा की धाकट्याने, या विचारात दोन पावसाळे निघून जातात. तरी विहिरीत पडलेच तर घरचे माणूस पडेल. काही वस्तू मात्र अशा असतात की, त्यांच्या हयगयीचे फळ परक्यांस भोगावे लागते. मातीचे धरण ही त्यांतलीच एक वस्तू होय.

आमच्या वडिलोपार्जित जमिनीत ओढ्यावर असे एक धरण आहे. आजोबांनी ते भातशेतीसाठी घातले. उंची सुमारे 18 फूट. मध्ये चिकण मातीचा गाभा, दोहों अंगांस मुरमाचा भराव, पाण्याकडील उतारावर दगडांची पिचिंग, एका टोकास सांडवा व तळाशी मोरी. आज त्याचे हिस्सेदार चौदा. गावी राहणारे एकटे आम्ही. खाली दोन फर्लांगांवर एक वाडी आहे, घरे अकरा. सातबाऱ्यावर त्यांपैकी कोणाचे नाव नाही, पाण्यात वाटा नाही. वाटा आहे तो केवळ धोक्यात. तेथील एक वृद्ध बाई एकदा आम्हांस म्हणाल्या, "गुरुजी, श्रावणात आम्ही निजतो ते कान उघडे ठेवून." तेव्हापासून दर आठवड्यास धरणावर फेरी घालून, दिसेल ते तारीखवार वहीत लिहिण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे.

मातीच्या धरणाचा वैरी म्हणजे त्यातले पाणीच. ते दोन वाटांनी घात करते. एक माथ्यावरून व दुसरी पोटातून. माथ्यावरून पाणी वाहू लागले की मागचा उतार धुपत जातो आणि थोड्याच वेळात खिंड पडते. म्हणून सांडवा मोकळा असणे हेच धरणाचे आयुष्य. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात साउथ फोर्क येथे असेच एक खाजगी मातीचे धरण होते. पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबाने ते 1879 साली मासेमारी व करमणुकीसाठी घेतले. तळाचे पाणी सोडण्याचे नळ पूर्वीच्या मालकाने आधीच काढून विकले होते. ते पुन्हा बसविले नाहीत. माथ्यावरून गाड्या नीट जाव्यात म्हणून तो उतरवून रुंद केला, आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यास जाळ्या लावल्या. 31 मे 1889 रोजी मुसळधार पावसात पाणी माथ्यावरून गेले, धरण फुटले व खालच्या जॉन्सटाउन शहरात 2,209 माणसे मेली. क्लबाकडून न्यायालयात कोणासही भरपाई मिळाली नाही. यांतील एकेक कृत्य पाहिले तर किरकोळच. कोणीही सहज केले असते असे. भय वाटते ते याचेच.

दुसरी वाट पोटातली. प्रत्येक मातीचे धरण थोडेफार पाझरते, त्यात वावगे नाही. पाझर निवळ व नेहमीइतकाच असेल तर चिंता थोडी. तो वाढला किंवा गढूळ झाला, तर पाणी आतली माती वाहून नेत आहे असे समजावे. आम्ही पाझराखाली बादली धरून ती किती वेळात भरते हे घड्याळावर पाहतो, आणि काचेच्या बाटलीत थोडे पाणी धरून तळाशी गाळ बसतो का हे दुसऱ्या दिवशी पाहतो. घुशी व खेकडे यांची बिळेही नोंदवितो. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले, त्याच्या गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. ते तर सरकारी धरण होते. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरांहून उंच धरणांस, आणि काही अटींवर 10 ते 15 मीटरांच्या धरणांस लागू आहे. आमचे 18 फुटी धरण त्यात बसत नाही. त्यास पहारा तो आमच्या वहीचाच.

गेल्या दिवाळीस सर्व मंडळी जमली असता आम्ही ही वही पुढे ठेवली. धरणाच्या मागील उतारावर आपोआप उगवलेले एक जांभूळ आहे. त्याखाली सर्वांचे बालपण गेले. आमचे थोरले चुलतबंधू म्हणाले, "अरे, त्या मुळांनीच तर माती धरून ठेवली आहे." ही समजूत पुष्कळांची असते. गवताची मुळे माती धरतात, म्हणून उतारावर हरळी हवीच. परंतु मोठ्या झाडाची मुळे खोल जातात, झाड मेले की ती कुजतात व मागे पोकळ वाटा राहतात. वादळात झाड उन्मळले तर भरावाचा लचकाच निघतो. नुसते खोड तोडूनही भागत नाही. पाणी उतरवून, मोठी मुळे काढून, खड्डा थराथराने धुमसून भरावा लागतो. पाणीदेखील सावकाश उतरवावे. एकदम सोडल्यास आतील ओला उतार घसरतो.

खर्चाचा प्रश्न निघताच दोघा हिस्सेदारांनी हात वर केले, "आम्हांस त्या पाण्याचा काय उपयोग?" असे ते म्हणाले. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात सांगितले आहे की, आपत्ती नसता जो पाच वर्षे आपल्या सेतुबंधाचा वापर सोडतो, त्याचे त्यावरील स्वामित्व जाते. स्वामित्व म्हणजे नुसता हक्क नव्हे, हे तेव्हाही ठाऊक होते. अखेर उरलेल्या बाराजणांनी खर्च उचलला. झाडाचे काम होईपर्यंत पाणी तीन फूट खाली ठेवावयाचे ठरले; त्यामुळे यंदा खालचे एक खाचर पडीक राहील. थोरल्यांचा राग अद्याप गेलेला नाही.

ज्या वाचकांच्या घरी असे जुने धरण वा तलाव असेल, त्यांनी मृग नक्षत्रापूर्वी एवढे अवश्य पाहावे: सांडवा मोकळा आहे काय, मोरीचे दार फिरते काय, माथा कोठे खचला आहे काय, पाझर निवळ आहे काय. आणि खालच्या वस्तीत एक तरी घर असे ठरवून ठेवावे की, ज्यास मध्यरात्रीही निरोप पोहोचेल. वाटण्या पुढे सावकाश होतील. पाऊस मात्र हिस्सेदारांच्या एकमतासाठी थांबत नाही.